गुंडूची फॅमिली

मुहर्रक, बहरीन
शुक्रवार, सुट्टी

तीर्थरूप मंगलाआत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (दुखरा गुडघा सोडून दुसऱ्या बाजूला, म्हणजे तू ओरडणार नाहीस.) तेल लावतेस ना रोज? गोदाबाईंशी बोलणं सुरू झालं की अजून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी नुसतं खाकरणंच चाललंय? यंदा कापा फणस कोणी पळवला, ते शोधून काढलंस का? फोनवर तू 'सगळं बरं ना?' म्हणतेस आणि मी 'हो' म्हणतो, कारण त्यापुढे तुझ्या कुकरच्या शिट्ट्यांशिवाय काही ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. माझी प्रकृती उत्तम आहे. वजन वाढलंय, त्याचं कारण पुढे येईल. तू माझी काळजी करू नकोस, आणि इथे यायचं तर मनातसुद्धा आणू नकोस.

शाळा चांगली आहे. मुलं मला 'मिस्टर गुंडू' म्हणतात आणि माझ्या इंग्रजीला हसतात, पण प्रेमाने. अडचण एकच. विमानतळ शाळेला इतका लागून आहे की वैमानिकाने दाढी केली नसेल तर वर्गातून दिसतं. मी फळ्याकडे वळून 'म्हणून एक्स बरोबर' म्हणालो की नेमकं विमान जातं. त्यामुळे एक्सची किंमत नववीच्या वर्गाला अजून कळलेली नाही. (मुलांची काही तक्रार नाही.)

सुरुवातीला शाळेने मला उम्म अल हस्समला एका फ्लॅटमध्ये ठेवलं होतं, आणखी तीन शिक्षकांबरोबर. तिघेही घोरायचे, आणि एकाच वेळी नव्हे, आळीपाळीने, पहारा बदलावा तसे. आमच्या शाळेचे अकाउंटंट राजन पुण्याचे. त्यांना माझी दया आली आणि त्यांनी मुहर्रकला हाजी हाशिम म्हणून एका वयस्क गृहस्थांचा वरचा मजला रिकामा आहे असं सांगितलं. मात्र त्या गल्लीत एकट्या पुरुषाला घर देत नाहीत. हाजी तरुणपणी मुंबईला येऊनजाऊन होते, त्यामुळे हिंदी बोलतात. त्यांनी विचारलं, "फॅमिली है?" आता आत्या, फॅमिली कोणाला नसते? मी म्हटलं, है. "आयेगा?" मी म्हटलं, "इंशाल्ला." हा शब्द फार सोयीचा आहे. इथे प्लंबर इंशाल्ला येतो, गृहपाठ इंशाल्ला होतो, कोणी खोटं बोलत नाही आणि कोणी अडकतही नाही. हाजींनी तिथल्या तिथे किल्ली दिली.

पण हाजींची बायको आतिका हिने तो शब्द मनावर घेतला. फॅमिली कधीही येऊन थडकेल, प्रवासाने दमलेली, भुकेली, म्हणून ती रोज चौघांना पुरेल एवढा मासळीचा मसालेभात वर पाठवू लागली. परत पाठवणं बरं दिसेना. तेव्हा चौघांचं मी एकटाच जेवत होतो. वजनाचा उलगडा झाला ना?

मग हाजींच्या पुतण्याचं लग्न आलं. मला आमंत्रण, फॅमिलीसकट. इथे पुरुषांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा, त्यामुळे मी निर्धास्त होतो. हॉलमध्ये शिरलो तर समोर पुरुषांची लांब रांग. लग्नातली रांग म्हणजे जेवणाची, एवढं मला कळतं. मुकाट्याने शेवटाला जाऊन उभा राहिलो. रांग काही पुढे सरकेना. उलट समोरून माणसं येऊन आम्हा सगळ्यांचे हात हातात घेऊ लागली, 'मबरूक, मबरूक' म्हणू लागली. मला वाटलं, काय सभ्य देश आहे, मधे घुसणारे आधी रांगेची माफी मागतात! मीही मोठ्या मनाने 'मबरूक' म्हणत माफ करत राहिलो. एका आजोबांनी तर माझ्या नाकाला नाक लावलं. (चष्मा काढायला हवा होता.) तेवढ्यात आमचे प्राचार्य आले. मला बघून थबकले, मग माझाही हात हातात घेऊन म्हणाले, "मबरूक, मिस्टर गुंडू. मला कल्पना नव्हती." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही जेवणाची रांग नव्हती, आणि मबरूक म्हणजे माफी नव्हे, अभिनंदन. हे यजमान होते. नवरदेव, त्याचा बाप, काका, मामा आणि मी!

आता सटकणार कसा? समोर फोटोग्राफर. मुलाकडच्यांना वाटत होतं, मी मुलीच्या बापाचा मुंबईचा कोणी व्यापारी दोस्त. मुलीकडच्यांना वाटत होतं, मी मुलाकडचा. अर्ध्या मुहर्रकचं अभिनंदन घेऊन झाल्यावर हाजी हाशिम स्वयंपाकाकडून आले आणि रांगेच्या टोकाला मी दिसलो. मला वाटलं, आता यांचा पारा चढणार. पण ते तर भलतेच खुशीत. "गुंडू," ते म्हणाले, "तुम्हारा फॅमिली उधर खाना खा रहा है. आतिका को मिल गया."

मला नसलेली फॅमिली आतिकाला कशी सापडली?

झालं होतं असं. बायकांच्या हॉलमध्ये पाहुण्यांच्या हातांवर मेंदी काढायला सावनी नावाची आपल्याकडची एक मुलगी बोलावली होती. ढोलांच्या गलक्यात आतिकाने तिला विचारलं, 'गुंडू?' तिने ऐकलं, 'मेंदी?' ती हसून हो म्हणाली. झालं. आतिकाने तिच्या हातातले मेंदीचे कोन काढून घेतले (पाहुणीने काम करायचं?) आणि तिला नेऊन नवरीच्या आईशेजारी बसवलं. पुढ्यात अख्खं ताट. ती उठायला लागली की आणखी एक वाढपीण. तिकडे मुली मेंदीवाली कुठेय म्हणून हॉल पालथा घालतायत, आणि मेंदीवाली मटण खातेय.

मला दोन हॉलच्या मधल्या पॅसेजमध्ये नेलं. आतिका सावनीचा हात धरून आली, विजयी मुद्रेने. सावनीने माझ्याकडे बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "अहो, तुम्ही जे कोणी आहात, यांना सांगा ना माझे कोन द्यायला! तीनदा जेवलेय मी!"

मग मला सगळं सांगावंच लागलं. हाजींचा चेहरा हळूहळू उतरला. "मतलब," ते म्हणाले, "फॅमिली मफी?" मफी म्हणजे नाही, इतकं अरबी मला येतं. डोळ्यांसमोर ते तीन घोरणारे उभे राहिले. मी म्हटलं, "बीवी मफी. माँ-बाप भी मफी. एक आत्या है. बाप का बहन. उसीने बडा किया." लग्नाच्या पॅसेजमध्ये, हातात सरबताचा ग्लास घेऊन, मी बावळटासारखा उभा.

आतिकाने कपाळावर हात मारून घेतला. बापाच्या बहिणीला यांच्यात 'अम्मा' म्हणतात. "अम्मा!" ती हाजींकडूनच उचललेल्या हिंदीत हाजींवरच कडाडली. "अम्मा फॅमिली नहीं, तो क्या है?" मग ती माझ्याकडे वळली. "अम्मा कब आयेगा?"

मी तोंड उघडलं. तिने तळहात माझ्या तोंडासमोर धरला. "इंशाल्ला नहीं," ती म्हणाली. "तारीख."

असो. मी काय सांगितलं ते एवढं महत्त्वाचं नाही. घर राहिलं, मसालेभात चालू आहे, सावनीने नंतर सगळ्यांना मेंदी काढली आणि प्राचार्य मला आता वाकून सलाम करतात. जपून राहा. गोदाबाईंना माझा नमस्कार सांग, म्हणजे त्या निमित्ताने बोलशील तरी.

तुझा,
गुंडू

ता.क. तारीख दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली सांगितली आहे. पासपोर्टचा अर्ज लगेच भर. तिकीट मी काढतो.

ता.क. गुडघ्याचं मी आतिकाला सांगितलं. तिने तुझ्यासाठी तिच्या माहेरचं तेल आणून ठेवलंय आणि जिन्याला नवा कठडा बसवून घेतलाय. आता तू आली नाहीस तर मला त्याच जिन्यावरून खाली ढकलतील.

ता.क. येताना माझी जन्मपत्रिका आण. घाई अशी काही नाही, सहजच. सावनीचा पत्रिकेवर अजिबात विश्वास नाही, पण तिच्या आईचा आहे.