चिमट्याने हाताळायची नाणी

५ मे १९७४, रविवार
पंडितदादा बोरीहून संगीला सोडून गेला. त्याची मुलगी, वय आठ. सुट्टीभर राहील. तिला गमले तर जूनपासून परभणीतच शाळेत घाल, म्हणाला. मला काही फरक पडत नाही. मुलांची आवड नाही. हेडमास्तरांशी बोलून ठेवले आहे, ते सहज. दुसरी चटई घेतली. ती लागतेच.

६ मे
नाणेसंग्रह सुरू. उद्देश: मुलीला शास्त्रीय वर्गीकरण शिकवणे. धातू, साल, वजन. बोटांच्या घामाने नाणी काळवंडतात, म्हणून आमच्या माती परीक्षणाच्या लॅबमधून चिमटा आणला. पहिली नाणी मीच दिली. संगीने ओंजळ पुढे केली, मी चिमट्याने एकेक वरून सोडले. उत्तम पद्धत.
रात्री तिने माझा हात धरला. सोडवला. उकाडा होता.

१० मे
शेजारच्या केशरबाईंनी भोकाचा पैसा दिला. पद्धत पूर्ण चुकीची. पदराने पुसला, संगीच्या मुठीत कोंबला, वर मूठ दाबून धरली. घे माय, माज्या लेकराच्या करदोड्याला व्हता. मी चिमटा पुढे केला. म्हणाल्या, हे काय गं पोरी, पैशाला इच्चू समजायलीस का? शिक्षणाचा अभाव.
संगी दिवसभर मूठ उघडेना.

१५ मे
वालूरचे व्यंकटराव मातीचा रिपोर्ट न्यायला आले. जमीन मोठी, वागणे अदबीचे. मला बाई म्हणतात. रिपोर्ट हातात घेत नाहीत. ठेवा टेबलावर, म्हणतात. याला शिस्त म्हणायची. घरी निजामाच्या काळातली हाली नाणी आहेत. रविवारी पोरीला घेऊन या म्हणाले.
दादा काही कामानिमित्त परभणीला आला होता. जाऊ नकोस म्हणाला. आपण बौद्ध झालो, पण जुनी जात ते विसरलेले नाहीत, तुला दिसत कसे नाही? दादा मास्तर असून पूर्वग्रह फार. आज, सरकारी नोकरीतल्या बाईशी, असे कोण वागते?

१९ मे, रविवार
वालूर. मोहीम यशस्वी. चांदीचा हाली रुपया, चारमिनार स्पष्ट. आम्ही ओट्याखाली उभ्या राहिलो, सावली तिथेच होती. व्यंकटरावांनी रुपया हातभर उंचीवरून संगीच्या ओंजळीत टाकला. वयामुळे हाताला कंप असावा. नंतर त्याच हाताने त्यांनी शेजारी बसलेल्या दिनकररावांच्या तळहातावर मळलेली तंबाखू ठेवली. कणही सांडला नाही. कंप अधूनमधून येत असावा. पाणीही आम्हाला ओंजळीतच, वरून. गार होते.
बसमध्ये संगीने विचारले, आत्या, रुपया वरून कामून टाकला? मी तिला चांदीच्या प्रमाणाबद्दल सांगितले.

२१ मे
रुपया लॅबमध्ये तोलला. ११.०९ ग्रॅम. संग्रहातले सर्वोत्तम नाणे. संगीने पाहिले नाही. ती सारखी केशरबाईंकडे असते. लहान मुलांना अज्ञानाची ओढ असते. उपाय म्हणून आणखी सहा नाणी दिली. चिमट्याने.

३१ मे
मोठे यश. संगीने आपणहून वर्गीकरण केले. दोन डबे. आधी शाबासकी दिली, मग तपासले. धातूप्रमाणे नाही, चांदी-तांबे एकत्र. सालाप्रमाणेही नाही. शेवटी तिलाच विचारले.
ह्यात हातात दिलेले, त्यात वरून टाकलेले.
पहिल्या डब्यात केशरबाईंचा पैसा आणि भाजीवाल्या सुलाबाईंची आणेली. दुसऱ्यात व्यंकटरावांचा रुपया. त्याच्या खाली माझी सगळी.
मी घाम आणि धातू यांची रासायनिक क्रिया समजावून सांगितली. तिने नीट ऐकले. हात पाठीमागे बांधून.

२ जून, रविवार
दादा आला. गमलं का, विचारले. संगी म्हणाली, आत्या लय चांगली हाय, पन शिवत न्हाई.
मी घामाचे सांगायला सुरुवात केली. त्याने संगीची पिशवी उचलली.
हेडमास्तरांना कळवायला हवे. चटई गुंडाळून ठेवली, धूळ बसू नये म्हणून.
संगी पहिला डबा घेऊन गेली. दुसरा बसच्या खिडकीतून मला दिला. वरून टाकता आला असता, खिडकी उंच होती. पण ती कमरेपर्यंत बाहेर वाकली, डबा माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटे त्यावर दाबली. तिचे हात घामट होते.
डबा पुसायला हवा. आज राहून गेले.