खिडकीवर धरलेली फिल्म

१४ तारीख, रविवार
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या मेहुण्यांची पाठ पुन्हा धरली आहे आणि तरी बादली मीच उचलणार म्हणून हट्ट चालू आहे. बाल्कनीतलं तू दिलेलं रोप जगलं. त्याला मी पाणी घालत नव्हते, म्हणूनच जगलं असेल.

तू म्हणशील, रोज फोन होतो, मग हे पत्राचं खूळ कुठून? फोनवर तू मध्येच विचारतेस, "ठमीशी बोलतेस?" आणि फोन तिच्या कानाला लावतेस. मी म्हणते, ठमे, माऊ बोलतेय. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. त्यानंतर मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. शिवाय तू मला बोलू देणार नाहीस. लहानपणापासून माझ्या चुका पोटात घालायची तुला खोडच आहे. निदान पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आधी कामाचं सांगते. आमच्या हॉस्पिटलच्या विषाणू विभागातल्या बाईंकडे मी दोनदा जाऊन आले. बाई रोखठोक आहेत. मुलांच्या पाठीतलं पाणी तपासण्यात त्यांची वीस वर्षं गेली. त्यांच्या नव्या औषधाच्या चाचणीत ठमीला घेतील का, एवढंच विचारायचं होतं. नाही म्हणाल्या. ठमीच्या या आजारात लहानपणी येऊन गेलेल्या गोवराचा विषाणू मेंदूत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि मग असा उठतो. या चाचणीत ते फक्त पहिल्या टप्प्यातली मुलं घेतात. चालणारी, बोलणारी, नुसती हातातून वस्तू पडणारी. मी गयावया केली. एरवी पेशंटच्या नातेवाइकांना दारातूनच वाटेला लावणारी मी, त्यांच्या टेबलाचा कोपरा धरून उभी राहिले.

"अहो, उठून का उभ्या राहिलात? बसा," त्या म्हणाल्या. "हिला दहा महिने आधी आणायला हवं होतं. औषधाचा गुण येतो की नाही, ते मलाही अजून माहीत नाही. पण तेव्हा आणली असती तर घेतली असती."

हे त्यांनी दोनदा सांगितलं.

जाताना त्यांनी ठमीच्या पहिल्या स्कॅनची डिस्क मागितली. आजार कधी सुरू झाला त्याची नोंद त्यांना हवी होती. म्हणून मी ती तुझ्याकडून मागवली. तू कपाट उपसून शोधलीस, फडक्यात गुंडाळलीस, वर चिठ्ठी लावलीस, "सांभाळून ठेव, तिची आहे." डिस्क येऊन तीन आठवडे झाले. तू चारदा विचारलंस, पाहिलीस का? मी सांगितलं, मशीन बंद आहे. मशीन खरंच बंद होतं, दोन दिवस. शिवाय डिस्क बघायला ते मशीन लागतच नाही, साधा पडदा लागतो.

ताई, मागचं वर्ष आठव. शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली होती. ठमीच्या हातातून पेन्सिल पडते, गणितात मागे पडली, मध्येच तंद्री लागते. तुमच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला लावलं. तू ती फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर धरलीस आणि मोबाइलवर चार फोटो काढून मला पाठवलेस. एकात तुझा अंगठा आला होता. मी दोन पेशंटच्या मधे, उभ्याउभ्याच ते पाहिले. मेंदूच्या मागच्या बाजूला, तुझ्या अंगठ्याशेजारी, एक पांढुरका डाग होता. मला वाटलं, काचेवर उन्हाची तिरीप पडली आहे.

तू लिहिलं होतंस की रिपोर्टमध्ये "शंकास्पद भाग, पुन्हा तपासणी करावी" असं दिलंय, करायची का? माझं उत्तर तुझ्या फोनमध्ये अजून असेल. माझ्या फोनमध्ये आहे. "ते असंच लिहून हात झटकतात. काही नाही गं. नखरे आहेत तिचे. जरा कडक राहा."

आम्ही स्कॅन वाचतो त्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. फोटोवर मत देऊ नये, मूळ चित्रे मागावीत. अक्षर माझं आहे. त्यावरून मी कितीतरी नव्या डॉक्टरांना फैलावर घेतलंय. पण घरचं माणूस विचारतं तेव्हा आम्ही सगळेच चालता चालता सांगून टाकतो. त्याची नोंद नाही, कागद नाही, खाली सही नाही. परक्याच्या मुलासाठी मी जुनी-नवी चित्रं शेजारी लावून तासभर बसते. आपल्या ठमीला मी एक मिनिटसुद्धा दिलं नाही.

शेवटी परवा डिस्क लावली. मोठा पडदा, खोलीत अंधार. तिथे खिडकी नव्हती, काच नव्हती, तुझा अंगठा नव्हता. डाग होता तिथेच होता. मशीनवरचा मुलगाही पाहून म्हणाला, "मॅडम, हे तर सरळ दिसतंय. सोडलं कुणी?" मी म्हटलं, बाहेरचं आहे. मग प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि रडले.

मागच्या रविवारी तू फोनवर काय बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. गेल्या वर्षी त्याच दिवसांत दुधाचा पेला पडला म्हणून तू तिला मारलंस. ती म्हणत होती, "आई, मी नाही गं टाकला, हात आपोआप उडाला," आणि तू खोटं बोलते म्हणून आणखी एक दिलीस. आता ती बोलत नाही, तर तेच वाक्य तुला सारखं ऐकू येतं. सात महिन्यांची असताना तिला गर्दीत नेलं, लस द्यायचं वय व्हायच्या आधीच गोवर आला, तोही तू स्वतःच्याच माथी मारून घेतला आहेस. मी तुझी समजूत घालत राहिले. तुला काय माहीत होतं, म्हणाले. खरं सांगू? तू स्वतःवर खापर फोडत होतीस ते मला सोयीचं होतं. तोवर माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

तुला कडक राहायला मी सांगितलं होतं. तू फक्त ऐकलंस. तुझ्याजवळ छापील रिपोर्ट होता आणि तू त्याच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवलास.

उद्या ते चारही फोटो आणि माझं उत्तर मी विषाणू विभागातल्या बाईंना दाखवणार आहे, त्यांच्या नोंदीत जाऊ दे. भाऊजींना हे पत्र वाचायला दे. ठमीसाठी आता माझ्या हातात काही उरलेलं नाही. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, भरवताना ठसका लागू नये म्हणून मान कशी धरायची, तेवढं मला येतं. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी जिन्यात बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. बेल पुन्हा वाजवणार नाही.

क्षमा मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, म्हणून. पण एक ऐक. तिच्या पाठीवरून हात फिरवताना तू आता थबकतेस, हात मागे घेतेस, असं भाऊजी सांगत होते. थबकू नकोस. त्या दिवशी पेल्यापाशी तिला ज्या हाताने मारलं, तो हात तुझा नव्हता, ताई. माझा होता.

जिला ठमीने बोलायला लागल्यावर पहिल्यांदा या नावाने हाक मारली, आणि आता जिचं हे नाव कुणी घेत नाही, ती,

माऊ