तीन नंबरचं सूर्यफूल

९ ऑक्टोबर

ओळखलं! तीन नंबर माझा. फुलाखाली मान तशीच वाकलेली, पानाला तोच गडद काठ.

ओळखायला नको होतं. सामायिक चाचणी त्याचसाठी आहे — तीन केंद्रांची तीन वाणं एकाच शेतात, पाट्यांवर फक्त नंबर, कुठला कुणाचा ते निधीच्या सचिवाकडे बंद पाकिटात. नियम मीच लिहिला: ओळखलं तरी आपल्या वाणाची बाजू घ्यायची नाही. तो मंजूर करून घ्यायला चाळीस मिनिटं बोलले होते.

तिन्ही प्रदेशांचा निधी यंदापासून दोनच केंद्रांना पुरणार. ज्याचं वाण गळेल, त्याचं केंद्र बंद. माझी बारा वर्षं. हाताखालची चार माणसं.

११ ऑक्टोबर

काही वाटत नाही. जेवले, झोपले.

२ नोव्हेंबर

कापणी. तुम्ही भाषण सुरू केलं की फुलं सूर्य सोडून तुमच्याकडे वळतात, असं मुकादम मला म्हणाला. सगळे हसले. मीही हसले असावे.

१४ नोव्हेंबर

तेलाचे आकडे आले. एक नंबर पुष्कळ पुढे. दोन आणि तीन जवळजवळ सारखे — म्हणजे आता बैठकीत ठरणार. नवरा म्हणाला, एवढं एकदा गप्प बसून दाखव. वाचायची पुस्तकं बॅगेत भरली. एकही उघडलं नाही.

१९ नोव्हेंबर

गप्प बसणं म्हणजेही बाजू घेणंच, असं स्वतःला सांगितलं आणि बैठकीत बोलायला उठले. तीन नंबरचं खोड वाऱ्यात टिकत नाही. उभं पीक आडवं झालं की आकड्यांना कोण विचारतं? शेतकऱ्याने आपल्यावर विश्वास टाकलाय, आपल्या मायेवर नाही! शब्द नेहमीसारखे पेटत गेले. आत थंडगार.

तीन नंबर गाळायला सात जणांत पाच हात वर. त्यात पलीकडच्या केंद्राच्या ताईंचाही. मला पहिली नोकरी त्यांनीच दिली होती. चहाच्या वेळी माझा बसलेला घसा ऐकून पर्समधली लवंग काढून दिली.

२० नोव्हेंबर

चौघांना सांगितलं, आपलं केंद्र बंद होणार. मुकादमाने शेडची किल्ली टेबलावर ठेवली. अजून मार्चपर्यंत वेळ आहे, म्हटलं. त्याने ती उचलली नाही.

२३ नोव्हेंबर

पाकीट उघडलं. दोन नंबर माझा. तीन ताईंचा — नऊ वर्षांपूर्वी मीच पाठवलेल्या मूठभर बियांतून त्यांनी वाढवलेला. म्हणून मान तशी.

फोन लावला. शब्द सुचेनात — मला. मग त्याच बोलल्या.

"अगं, पेरताना बी पाहिलं तेव्हाच माझं वाण ओळखलं होतं मी. पण खोडाचं तू म्हणालीस ते खरंच होतं. म्हणून हात वर केला."