दोन महिन्यांची कावीळ

प्रिय मावशी,

तू नर्स आहेस त्या दवाखान्यातून आणलेला दाखला मी अपिलाला जोडणार नाही. रागावलीस तरी चालेल. पहिल्या सत्रात गणितात नापास झाले म्हणून नव्या विद्यापीठाने मला बदलीचा प्रवेश नाकारला. तू लगेच डॉक्टरांना गळ घातलीस आणि मला दोन महिन्यांची कावीळ झाली. कागदावर.

तुझी माया कळते गं. पण त्या दोन महिन्यांत मी एकही तास बुडवला नव्हता. हजेरीपटावर रोज माझी सही आहे. कावीळ झालेली मुलगी रोज शेवटच्या बाकावर येऊन बसायची, असं सांगू का त्यांना?

खरं कारण त्याहून लाजिरवाणं आहे. मला काही कळत नव्हतं आणि हात वर करायची हिंमत नव्हती. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सगळ्यांसमोर अडाणी ठरायची भीती वाटायची. पुढच्या सत्रात पहिल्या बाकावर बसले आणि सरांना इतकं विचारलं, की मला पाहिलं की ते खडू खाली ठेवायचे. त्याच गणितात एक्क्याऐंशी मिळवले. ते माझे आहेत, तर नापास होणंही माझंच. आजाराला का देऊ?

अपिलात कारणाच्या रकान्यात लिहिलंय: 'रोज हजर होते. कळत नव्हतं, तरी विचारलं नाही. आता विचारते: मला प्रवेश का नाही?'

हे पत्र तुला देणार नाही, तू रडशील. तुझ्या दाखल्यातच घडी करून ठेवते.

तुझी ठणठणीत भाची