अण्णांच्या डब्यातला ग्रॅनाइट

३ डिसेंबर, बुधवार. टेंभुर्णी
अस्थी गोळा करून आलो. चहाला हाक मारताना आत्याने चुकून अण्णांचंही नाव घेतलं.
जीवखडा अंगणात कडुलिंबाखाली डब्यात ठेवलाय. दहाव्यापर्यंत अण्णांचा जीव त्यात, म्हणून रोज पाणी घालायचं. ते दादाकडे, थोरला म्हणून. स्मशानात मडकं फोडायला त्यानेच उचलला तो. काळा, लिंबाएवढा, एका अंगाला पांढरा ठिपका. बाप जळत होता आणि मी दगड बघत होतो! कॉलेजात भूशास्त्र शिकवून लागलेली खोड. अण्णा हाकच मारायचे, "काय मास्तर, आज कुठला दगड?"
दादा रडून मोकळा झाला. मला अजून रडू नाही.

५ डिसें.
दादाला कणकण. पाणी मी घातलं. डब्यात स्मशानातला तो काळा बसाल्ट नाही. ग्रॅनाइट!
पहिल्या वर्षाचं पोरगंही ओळखेल. दोन्ही अग्निज, पण बसाल्ट म्हणजे बाहेर सांडलेला लाव्हा, लगेच थिजलेला. कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात, सावकाश निवलेला. कण ठळक, गुलाबी, पांढरे. आपल्याकडे जिथे खणाल तिथे बसाल्ट. हा आला कुठून?
घरामागे वहिनीच्या नव्या ओट्याचे तुकडे पडलेत. हाच रंग.
डोकं फिरलंय. अण्णांच्या जागी ओट्याचा तुकडा?

६ डिसें.
दादाला शेतात गाठून विचारलं. खाली बसला.
"मौतीवरून येताना नदीत आंघोळीला उतरलो, उपरण्याची गाठ सुटली, खडा पाण्यात गेला. लय हुडकला. तिथं सगळेच काळे."
मग काळाच एखादा उचलायचा ना?
"दुसऱ्याच दगडाला अण्णा म्हणायचं? जमलं न्हाई. ह्यो येगळा दिसतोय, मला तरी ध्यानात राहील का हे अण्णा न्हाईत."
आणि आत्या?
"तिला कुठं बराबर दिसतंय. तू वळखशील, हे म्हाईत होतं. वाटच बघत होतो."
राग कुठल्या कुठे गेला. आत्याला सांगायचं नाही असं ठरलं. पण दादाला धास्ती, कावळा शिवला नाही तर?

१० डिसें. दहावा
नाही शिवला.
आत्या पिंडासमोर हात जोडून, "भाऊ, पोरं एकीनं राहतील. शिव रे बाबा." वहिनी म्हणाली, तुमच्या अर्ध्या राहिलेल्या विहिरीचं काम पुरं करू. दादा पांढराफटक. कावळे समोर बाभळीवर बसून. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ग्रॅनाइट नदीत सोडला, काळ्या दगडांत लांबूनही दिसत होता.
दादाला सांगणार होतो, कावळ्याला दगडातलं काय कळतंय. सांगवलं नाही.
लोक गेल्यावर दोघंच आंघोळीच्या जागी गुडघाभर पाण्यात उतरलो. ऊन कलेपर्यंत हुडकलं. पांढऱ्या ठिपक्याचे दोन सापडले, दोन्ही लिंबाएवढे.
दादाने दोन्ही हातांवर धरले. "यातला कोणता रे, मास्तर?"
अण्णांनंतर ही हाक पहिल्यांदाच. पाण्यातच उभा राहून रडलो, लहान पोरासारखा.
दोन्ही एकाच लाव्ह्याचे. रंग तोच, पोत तोच. मला सांगता आलं नाही.
दोन्ही आणून लिंबाखालच्या डब्यात ठेवलेत. सकाळी पाणी कोण घालणार, ते बोलणं झालं नाही.