तात्यांची पिवळी गोळी

कोरेगाव, शुक्रवार संध्याकाळ

आज तात्या चक्कर येते म्हणून माझ्या औषधाच्या दुकानात आले. हातात दोन पाकिटं. माझ्याकडची पिवळी गोळी आणि त्यांच्या पुण्याच्या पोरानं मोबाईलवरून मागवून दिलेली पांढरी. औषध एकच, साखरेचं. कंपनी बदलली, रंग बदलला. तात्या दोन्ही घेतायत.

"आवं डॉक्टर, दोन्ही चालू ठिवू न्हवं?" गोळ्या विकणाऱ्यालाही ते डॉक्टरच म्हणतात.

दुप्पट डोसानं साखर उतरतेय, त्याचीच चक्कर, हे मला कळलं होतं. पण एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक पोरानं एका बोटानं तोडलं. म्हणालो, "ज्यानं धाडली, त्याच्या मोबाईलला इचारा."

तात्या हसले. मोबाईल माझ्यापुढंच धरला. "मला कुठं येतंय? तुमीच इचारा की."

तात्यांना तसंच घरी धाडलं आणि शटर ओढलं.

फोन लावावा का? तात्यांचा नंबर आहे. पण एकदा चक्कर येऊन पडूच देत. दुकान कशाला लागतं ते पोराला कळेल.

पिवळी जेवणाआधीची. पांढरीही. आणि तात्या लवकर जेवतात.