वर्गनियंत्रण उत्कृष्ट

सरोजमावशी,

बी.एड.चा शेवटचा पाठ झाला. तू सांगितलेलंस तसा आदल्या दिवशीच मुलांकडून घोटून घेतला आणि वर बजावलं, "परीक्षक मॅडम असेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही."

मानपाड्याच्या या शाळेत शेजारच्या केमिकल कंपन्यांकडून वास आला की मुलं न सांगता खिडक्या लावतात आणि नाकाला रुमाल धरून पलीकडच्या हॉलमध्ये जातात. मी अपूर्णांक शिकवत असताना तसाच वास आला. एकही मूल उठलं नाही. पहिल्या बाकावरची क्षिप्रा ओठ घट्ट मिटून खोकला दाबत होती. एक "जा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी फळा पुसून पुढचं गणित घातलं.

शेऱ्यात मॅडमनी वर्गनियंत्रणाचं कौतुक केलं. फोनवर तू केवढी खूश झालीस! म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही.

क्षिप्रा तीन दिवस आलेली नाही. मोठ्या बाई म्हणतात, "साथ आहे गं."

आज पुन्हा वास आला. मॅडम नव्हत्या, तरी सगळा वर्ग हाताची घडी घालून माझ्याकडे बघत राहिला. मी ओरडले, "उठा!"

आर्यनने हळूच विचारलं, "टीचर, खरंच उठायचं?"

तुझ्याच तालमीतली,
रुचिता